मुंबईकरणीची पात

माघ लागला की माझे तळहात हुळहुळायला लागतात. नवी मुंबईत माघ कुणाला कळत नाही. स्वेटर कपाटात गेले आणि पंखा दोनवरून चारवर आला, की झाला ऋतू बदलून. पण सिग्नलला एखादा कडब्याचा टेम्पो रिक्षाशेजारी येऊन थांबतो, त्या वाळक्या ताटांचा गोडसर वास आत शिरतो, आणि ऑफिसात पोचायच्या आत मी मनातल्या मनात रजेचा अर्ज लिहून मोकळी होते. कारण : शाळू काढायला गावी जाणे. दरवर्षी साहेब हे कारण दोनदा वाचतात. दरवर्षी मी त्यांना सांगते, की शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, आणि नाही, माणसं मिळत नाहीत म्हणून नव्हे, मला जायचंच असतं.

यंदा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "परत शेतात? अहो, जरा आरामाला जा कुठेतरी. खरंच घाटी आहात हं तुम्ही!" हसून म्हणाल्या, कदाचित प्रेमानेच म्हणाल्या असतील. मीही हसून म्हटलं, "हो, पक्की घाटी." तळमजला येईपर्यंत त्या आपल्या मोबाईलमध्ये काहीतरी शोधत राहिल्या. ठेवलेलं नाव आपण आनंदाने घेतलं की ठेवणाऱ्याची फार अडचण होते, हे मला जरा उशिरा कळलं.

घाट चढून वर राहणारे ते घाटी, एवढा सोपा मुंबईचा भूगोल. त्यात माझा जन्म मुंबईतला, शाळा मुंबईतली, पण ते विचारतो कोण? वाशीच्या कॉलेजात एकदा तोंडातून 'लय' निसटलं, तर पोरं आठवडाभर माझ्यामागून 'लय भारी, लय भारी' करत फिरली. आणि तीच मी मे महिन्यात वडूजच्या पुढे आमच्या फाट्यावर एसटीतून उतरले, की पारावरून हाळी यायची, "आली रं म्हमईकर मंडळी!" म्हमईकर म्हणजे पाणी उकळून पिणारे, म्हशीला बघून वाट बदलणारे, यात्रेत पुढच्या रांगेत बसणारे, आणि काम निघालं की नेमकी ज्यांची सुट्टी संपते ते.

तशी नावं ठेवण्यात आमचा मुलूख कुणाला हार जाणारा नाही. माझी आई कुंडलकडची, ऊसवाल्यांची लेक. तिच्या माहेरी आम्हाला 'दुष्काळी' म्हणायचे, आणि आमच्या गावात लग्नानंतर कितीतरी वर्षं तिला 'बागायतवाली' म्हणत होते. तिच्या हातून तांब्याभर पाणी सांडलं तरी ते माहेरच्या खात्यावर जायचं. औंध तर आमच्या शेजारचंच. पण तिथे एके काळी संस्थानची गादी होती, म्हणून औंधचा पाहुणा पंगतीला बसला की आमचे आप्पा, म्हणजे माझे आजोबा, वाढप्याला हाक मारायचे, "आरं वाढ तिकडं, राजधानीचं माणूस हाय, मागून घ्यायचं न्हाई ते." साताऱ्याची पोरं तर अजून गाडीच्या मागच्या काचेवर ठसठशीत 'राजधानी' लिहून फिरतात. गादीजवळचा माणूस आणि भोवतालचा माणूस एकमेकांना बघून नाक मुरडणारच. माझं दुखणं एवढंच होतं, की मला दोन्हीकडची मुरडलेली नाकं दिसायची.

हे सगळं चेष्टेवारी चाललं होतं ते माझ्या बारावीच्या सुगीपर्यंत.

त्या माघात आप्पा बैलगाडीवरून पडले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. रानात अडीच एकर शाळू उभा, कणसं टंच भरलेली. काका फौजेत, सरहद्दीवर, त्यांना रजा मिळेना. वडील मार्केटात माथाडी, तिकडे आवक जोरात, त्यांनाही निघता येईना. मग आई निघाली. माझी पूर्वपरीक्षा होऊन अभ्यासाची सुट्टी लागली होती, म्हणून तिने मलाही पुस्तकांसकट उचललं. "गावाला शांत असतंय, अभ्यास होईल," ती म्हणाली. गावाला शांत असतं असं फक्त गाव सोडून गेलेल्यांनाच वाटतं.

आमच्याकडे तेव्हा शाळू काढायला कुणी मजूर लावत नसे. पैरा करायचे. सहा-सात घरच्या बाया एकत्र यायच्या. आज सगळ्या तुझ्या रानात, उद्या सगळ्या माझ्या. प्रत्येकीने या बांधापासून त्या बांधापर्यंत चार ओळी धरायच्या, ती तिची पात. जिच्या रानात बाकीच्या राबल्या, तिने बाकीच्यांच्या रानात राबून तो पैरा फेडायचा. कागद नाही, अंगठा नाही, नुसतं तोंडाने बोललेलं. सवाल एवढाच होता, की आम्हाला पैऱ्यात घेणार कोण?

देवळापुढच्या ओट्यावर बाया जमल्या होत्या. शेजारच्या शांताकाकूने स्पष्टच सांगितलं, "म्हमईकरांचा पैरा नगं गं बाई. आपुन मरमर करायची, आन् फेडायच्या वक्ताला ह्यांची गाडी सुटायची." ती काही वावगं बोलत नव्हती. आदल्याच वर्षी भावकीतल्या एका मुंबईच्या घराने पैऱ्यात आपलं रान काढून घेतलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी दाराला कुलूप लावून पोबारा केला होता. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मला वाटत होतं, चल आई, काढू आपण दोघीच. पण दोघींनी अडीच एकर म्हणजे पाखरांचीच सुगी झाली असती.

तेवढ्यात हौसाआक्का पुढे झाली. पन्नाशीची, काटक, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, एकुलता लेक फौजेत. लुगड्यावर त्याचा जुना खाकी शर्ट घालून ती रानात जायची. ती म्हणाली, "आप्पाचं हाड मोडलंय, इमान न्हाई मोडल्यालं. त्येचं रान आदी काढू. ही पोरगी आन् तिची आई फेडत्याल. न्हाई फेडला, तर फुडल्या वर्सापास्नं मला पैऱ्यात घिऊ नगा."

त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ मलासुद्धा कळला होता. आक्का घरात एकटी. पैऱ्यातून बाहेर पडली तर तिचा स्वतःचा शाळू कोण काढणार होतं? जिचं नावही तिला धड ठाऊक नव्हतं, अशा मुंबईच्या पोरीसाठी तिने आपलं रान पणाला लावलं होतं.

शाळू विळ्याने कापत नाहीत, उपटतात. दोन-तीन ताटं बुडाशी मुठीत धरायची, कंबरेतून वाकून हिसका द्यायचा, मुळांची माती पायावर आपटून झाडायची आणि ताटं मागे आडवी टाकायची. दव असेपर्यंत पानं मऊ असतात, म्हणून उजाडायच्या सुमाराला सुरुवात. नऊनंतर तीच पानं करवतीसारखी चालतात. बायांच्या हातांत फौजी पायमोजे असायचे, बोटांकडून कापून हातमोज्यांसारखे चढवलेले. आमच्या गावात घरटी एक जवान, त्यामुळे सरहद्दीवरचे मोजे निवृत्त होऊन शाळवावर यायचे. आक्काने मला तिच्या लेकाची एक जोडी दिली. दुपारपर्यंत त्या मोज्यांच्या आतही फोड आले.

आमच्याच रानात पहिल्या दिवशी मी चूक केली. तरणं अंग, नवा जोर, माझी पात सगळ्यांच्या आधी बांधाला लागली. मला भलताच अभिमान वाटला. मी बोरीच्या सावलीला बसले, पिशवीतून इंग्रजीचं पुस्तक काढलं आणि वाचायला लागले. दहा मिनिटांनी मान वर केली तर सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. शांताकाकू नुसतं एवढंच म्हणाली, "बसली म्हमई." पैऱ्यात आपली पात संपली म्हणजे काम संपत नाही. वळायचं, जी सगळ्यात मागे असेल तिच्या पातीत समोरून शिरायचं आणि तिला गाठायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गोष्ट आहे असं कुणाला वाटलंही नव्हतं. आई सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडली. मी पुस्तक मिटलं. नंतर ते पुस्तक कितीदा उघडलं असेल, विचारू नका.

दोन दिवसांत आमचं रान मोकळं झालं. तिसऱ्या दिवशी आप्पांच्या पायात सळई घालायला साताऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, आई त्यांच्याबरोबर गेली, आणि सगळा पैरा माझ्या एकटीच्या अंगावर आला. मी आक्काच्या घरी राहायला गेले. सकाळी तिच्या मागून रानात, दुपारी कुणाच्या तरी बांधावर भाकरी आणि वाळक्या मिरचीचा ठेचा, संध्याकाळी हातांना एरंडेल. एकेक घर फिटत होतं. आक्काने आपला दिवस सगळ्यात शेवटी ठेवला होता. तिचं रान झालं की दुसऱ्या दिवशी मी मुंबईच्या गाडीत, आणि त्यानंतर दोन दिवसांनी इंग्रजीचा पेपर, असा हिशोब बसत होता.

मग अवकाळी शिंतडलं. फार नाही, पण कणसं भिजली. ओला शाळू रचला की दाणा काळा पडतो, म्हणून दोन दिवस हात बांधून बसावं लागलं. आक्काचा दिवस सरकत सरकत माझ्या पेपरच्या आदल्या दिवसावर येऊन पडला. फाट्यावरून मुंबईची थेट गाडी दुपारी दोनला. मी म्हटलं, पहाटे लागू, एकपर्यंत आटपेल. पण पावसाने भिजलेल्या मातीला दोन दिवस ऊन लागलं की तिची फरशी होते. ताट हिसकलं की मूळ येईना, आपण मात्र पुढे जायचो. एक वाजला तेव्हा अर्धं रान उभं होतं.

आक्का माझ्याजवळ आली. "सोड पात. गाडी गावायची न्हाई."

"आक्का, अजून अर्धं आहे."

"मला दिसतंय की. तुजा पेपर हाय. मी सांगतीया न्हवं, जा. पैरा फिटला म्हणून मी सांगीन समद्यांस्नी."

ती खरंच सांगणार होती. आणि त्या बायांनी ते ऐकूनही घेतलं असतं. पलीकडच्या पातीतून शांताकाकू हात न थांबवता म्हणाली, "जाऊ दी गं तिला. म्हमईकर हाय, ती जायाचीच."

रागाने म्हणाली असती तर मी गेले असते. टोमणा मारला असता तरीही गेले असते, बसमध्ये बसून थोडं रडले असते आणि पेपर लिहिला असता. पण ती अगदी सहज म्हणाली. दिवस मावळायचाच, म्हैस पाण्यात बसायचीच, तशी म्हमईकर जायचीच. मी पुढचं ताट मुठीत धरलं. मी म्हटलं, "आक्का, मी जात नाही." आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

दोन वाजता फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. रानातल्या सगळ्या हातांची गती क्षणभर मंदावली. सगळ्यांना ती गाडी कुणाची ते माहीत होतं. मी वाकलेलीच राहिले. खरं सांगायचं तर माझे डोळे भरले होते, आणि वर बघितलं असतं तर पळत सुटले असते. सहाच्या सुमाराला माझी पात बांधाला लागली. मी वळले आणि जी सगळ्यात मागे होती तिच्या पातीत समोरून शिरले. ती शांताकाकूच होती. आमच्या दोघींमधलं शेवटचं ताट तिने उपटलं, माती झाडली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "हात दाव." मी मोजे काढले नाहीत.

तिच्या नवऱ्याने मला मोटारसायकलवरून वडूजला सोडलं. तिथून सातारा, साताऱ्याहून मिळेल ती गाडी, आणि सकाळी आठला मी घरी. अकरा वाजता वाशीत पेपरला बसले. प्रश्न येत होते, पण बोटं मिटत नव्हती. पेन दोन बोटांत धरलं की फोड फुटायचा, मुठीत धरलं की अक्षर पहिलीतल्या पोराचं यायचं. पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, "हाताला काय झालं?" मी म्हटलं, "शाळू काढला." त्यांना ते काहीतरी दुखणं वाटलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "मग डॉक्टरांचा दाखला आणायचा ना." अर्धा पेपर कोरा राहिला.

इंग्रजीत मी नापास झाले. कॉलेजात पोरं म्हणाली, घाटी शेवटी घाटीच. आईने दोन दिवस स्वतःला दोष दिला आणि मग मला दिला. वडिलांनी निकालाचा कागद उलगडून खालपर्यंत वाचला. सगळं आयुष्य पाठीवर पोती वाहिलेला माणूस, त्यांना मी शिकून खुर्चीत बसलेली हवी होते. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, "ट्रक अर्धा रिकामा करून आमची टोळी कवा उठत न्हाई." एवढंच. पुढे कधी तो विषय त्यांनी काढला नाही.

मी ऑक्टोबरात पास झाले, पण वर्ष गेलं ते गेलंच. मैत्रिणी पुढे निघून गेल्या. हे सगळं फार छान झालं, त्यातून मी घडले वगैरे मी म्हणणार नाही. मला त्या वर्षाची अजून हळहळ वाटते. आणि तरीही पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन, हेही तेवढंच खरं. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल मला हट्टी म्हणावं.

गावाने तरी मला काय मोठं बक्षीस दिलं? पुढच्या मे महिन्यात फाट्यावर उतरले तर पारावरून तीच हाळी, "आली रं म्हमईकर!" एवढ्या तेवढ्यावरून गावं कुणाचं नाव बदलत नाहीत. फरक एकच पडला. पुढच्या माघात वडिलांच्या मार्केटातल्या फोनवर आक्काचा निरोप आला, "पोरीला म्हणावं, पैरा धरलाय, गुरवारी यायचं." विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. त्या दिवसापासून आजतागायत माझा माघ चुकलेला नाही. लग्न झालं तरी, नोकरी लागली तरी. मूल पोटात होतं त्या वर्षीही मी बांधावर बसून पेंढ्या बांधल्या.

म्हणून आता मला या नावांचा राग येत नाही, किंवा येतो तो वेगळ्या जागी येतो. घाटी म्हणा, म्हमईकर म्हणा. पण ज्या शहराची पोती माझ्या बापाने उचलली त्या शहराने मला परकं म्हणायचं, आणि ज्या मातीने माझी नखं उपसली त्या मातीने मला पाहुणी म्हणायचं, हे मी ऐकून घेणार नाही. मी दोन्हीकडची आहे, आणि अर्धी अर्धी नव्हे. कुणाला जागा कमी पडत असेल तर त्याने सरकून बसावं.

यंदा आक्का नाही. दिवाळीनंतर गेली, चार दिवसांच्या तापाने. लेक फौजेतून निवृत्त होऊन आता साताऱ्यात नोकरीला, रानाकडे सून सुनीता बघते. गावात आता पैराही विरत चाललाय. बरेच जण बाहेरून मजुरांच्या टोळ्या बोलावतात. सुनीताने फोन केला, "ताई, आवं, मी पन टोळी सांगू का? आत्याच न्हाईत, कोन येतंय आता?" मी तिला म्हटलं, "टोळी सांगशील तर माझ्याशी बोलू नकोस." मग मी स्वतः सगळ्यांच्या घरी फोन लावले. कुणाला गुडघ्यांचं कारण, कुणाला नातवाच्या परीक्षेचं. मी भांडले. शांताकाकू सत्तरीच्या पुढे गेलीय, तिलाही सोडलं नाही.

उजाडताना आक्काच्या रानात पोचले तर नऊ जणी आल्या होत्या. पाती वाटून झाल्या होत्या. फक्त वरच्या बांधाकडची पात तशीच होती. ती सगळ्यात वाईट, हराळी माजलेली, मुळं दगडात अडकलेली, आणि आक्का ती कधी दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायची नाही. आज ती कुणीच धरली नव्हती. मी मोजे चढवले आणि बांधाकडे गेले.

दिवस कासराभर वर आला असेल. शेजारच्या पातीत कुणाची तरी नवी सून होती, वाईकडची, मोठी गोड पोरगी. मला धाप लागलेली बघून ती म्हणाली, "ताई, तुम्ही मुंबईकर ना? बसा की सावलीला. आम्ही काढू तेवढी."

माझं उत्तर तयार होतं, पंचवीस वर्षं घोळवलेलं. पण मी तोंड उघडायच्या आत मागून, पेंढ्या बांधत बसलेल्या शांताकाकूचा आवाज आला.

"ती आक्काच्या पातीवर हाय. तू तुजी बघ, मागं पडलीस."

पोरगी पुन्हा आपल्या पातीवर वाकली. मी वळून बघितलं नाही. पुढची दोन ताटं बुडाशी मुठीत धरली आणि उपटली.